उभ्याच्या तिकिटाचा नंबर कसा लागणार, ते तिकीट विकतानाच सांगा

प्रति,
मुंबई, नवी मुंबई, पुणे आणि गोव्यात मोठे संगीत कार्यक्रम भरवणारे आयोजक,
त्यांची तिकिटं विकणाऱ्या कंपन्या,
आणि या कार्यक्रमांना परवाना देणारे पोलीस व स्थानिक प्रशासन

सप्रेम नमस्कार,

'जनरल अ‍ॅडमिशन' किंवा 'स्टँडिंग' या नावानं आपण जे तिकीट विकता, त्यात ग्राहकाला एका कुंपणाच्या आत शिरण्याचा हक्क मिळतो. खुर्ची नाही, ठरलेली जागा नाही. एकाच दराच्या दोन तिकिटांपैकी एकावर माणूस स्टेजसमोरच्या रेलिंगला हात टेकून उभा राहतो आणि दुसऱ्यावर मिक्सरच्या, म्हणजे आवाज सांभाळणाऱ्यांच्या, तंबूमागे टाचा उंचावून स्क्रीन बघतो. फरक फक्त आत आधी कोण पोचलं याचा. ही पद्धत आम्हाला मान्य आहे, आवडतेही. घोळक्यात उभं राहून गाणं ऐकण्याची मजा खुर्चीत बसून येत नाही. पण मग आत जाण्याचा क्रम हाच त्या तिकिटातला मुख्य माल ठरतो, आणि तो कसा वाटला जाणार हे आपल्याकडे तिकीट विकताना बहुतेक वेळा सांगितलंच जात नाही. कार्यक्रमाच्या तोंडावर एक ईमेल येतो, 'गेट दुपारी ३ वाजता उघडेल'. पुढचं सगळं गेटवर ठरतं, ज्याच्या कोपरात जोर त्याच्या बाजूनं.

गेट, बॅरिकेड आणि रांगा यांच्याशी कायमचा संबंध असलेले आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. आमचं मागणं एकच आहे: उभ्याच्या तिकिटाचा नंबर कसा लागणार, किती माणसं कुठे उभी राहणार आणि पुढे गेलेला माणूस बाहेर कसा येणार, हे विक्री सुरू होण्याआधी लेखी जाहीर करा. तसं केल्याशिवाय परवाना देऊ नका.

नंबर लावण्याची आपल्या लोकांना सवय नाही, असं कुणी म्हणू नये. लालबागच्या राजाला नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. कोणत्या रांगेत उभं राहिल्यावर काय मिळणार, हे परळच्या पुलावरून येणाऱ्या माणसाला आधीच ठाऊक असतं. पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात भारतीय बैठकीचं तिकीट म्हणजे जनरल अ‍ॅडमिशनच; लवकर येईल तो पुढे बसेल, हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि त्याप्रमाणे लोक येतात. नियम माहीत असला की माणूस त्याप्रमाणे वागतो. माहीत नसला की शेजारच्याकडे बघतो, आणि शेजारचा पळाला की हाही पळतो.

आधी नकाशाविषयी. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. मैदानातलं उभ्याचं तिकीट ६,४५० रुपयांना होतं आणि त्याहून स्वस्त तिकिटं गॅलरीतल्या खुर्च्यांची होती. म्हणजे इथे खुर्चीपेक्षा उभं राहणं महाग असू शकतं, आणि लोक ते आनंदानं घेतात. इतर अनेक कार्यक्रमांत मैदानाचेच तुकडे पडतात: फॅन पिट (स्टेजलगतचं वेगळं कुंपण), व्हीआयपी स्टँडिंग, गोल्ड, सिल्व्हर, जीए (जनरल अ‍ॅडमिशन), शिवाय बाजूला उंच डेक बांधून लाउंज. तिकीट घेताना दिसणारा नकाशा मात्र रंगीत चौकोनांचा असतो आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की नकाशा प्रातिनिधिक आहे. त्या चौकोनांवरून जीएची पहिली रांग स्टेजपासून दहा मीटरवर आहे की चाळीस, हे कळत नाही. आपल्या पुढ्यात आणखी एक कुंपण आहे का, मिक्सरचा तंबू, कॅमेऱ्याचा मचाण आणि स्पीकरचे मनोरे कुठे आहेत, हेही कळत नाही. हे सगळं आयोजकाला विक्रीच्या दिवशी मीटरमध्ये ठाऊक असतं. त्याशिवाय स्टेजचं कंत्राटच देता येत नाही. तोच नकाशा मोजमापांसह ग्राहकाला द्या. नंतर जागा बदलली तर तसं कळवा आणि ज्याला नको त्याचे पैसे परत करा.

आता आकडे, कारण खरा जीव तिथे अडकलेला आहे. स्टेजसमोर ४० मीटर रुंद आणि १५ मीटर खोल असा पिट धरा. क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर. उघड्यावरच्या संगीत कार्यक्रमांसाठी ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला ठोकताळा माणशी अर्धा चौरस मीटर, म्हणजे इथे १,२०० माणसं. स्टेजजवळ लोक दाटीनं उभे राहतात असं धरून चौरस मीटरला तीन घेतले तर १,८००. तिथल्या स्टेडियमच्या मार्गदर्शिकेत उभ्या प्रेक्षकांची कमाल मर्यादा १० चौरस मीटरला ४७ आहे, आणि तीही सगळी व्यवस्था चोख असेल तर. कागदावर ही गणितं सोपी दिसतात. पण गर्दी सारखी पसरत नाही. ६०० चौरस मीटरमध्ये १,८०० जणांना सोडलं की मागचा तिसरा हिस्सा मोकळा राहतो आणि पुढच्या पाच मीटरमध्ये चौरस मीटरला पाच-सहा जण होतात. म्हणून पिटची क्षमता सरासरीवर काढायची नसते, पुढच्या पट्ट्यात काय होईल ते डोळ्यासमोर ठेवून काढायची असते. शिवाय मिक्सरच्या मागची जागा, मनोऱ्यांच्या सावलीतली जागा, केबलवरचे रॅम्प आणि जिथून काहीच दिसत नाही ते कोपरे वजा करा. तिथे कुणी उभं राहत नाही. तिथली माणसंसुद्धा पुढेच सरकतात.

गर्दीच्या दुर्घटनांचा अभ्यास करणारे जॉन फ्रुइन यांनी लिहून ठेवलं आहे की चौरस मीटरला सुमारे सात माणसं झाली की जमाव जवळजवळ द्रवासारखा वागू लागतो. एकट्या माणसाची ताकद तिथे संपते. मागून आलेली लाट त्याला उचलून नेते, पाय जमिनीवर आहेत की नाहीत हे कळत नाही. छाती फुगायला जागा मिळत नाही आणि श्वास अडकतो. बातम्यांत 'चेंगराचेंगरी' हा शब्द येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की लोक पायाखाली आले. अशा गर्दीत बरेच मृत्यू उभ्या उभ्या, दाबानं घुसमटून होतात. म्हणूनच मागच्या माणसाला पुढे काय चाललंय हे समजत नाही. त्याला फक्त वाटतं की थोडी जागा आहे, अजून एक पाऊल टाकू.

या विषयातला सगळ्यांत जुना धडा अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा आहे. ३ डिसेंबर १९७९ रोजी तिथल्या रिव्हरफ्रंट कोलिझियममध्ये 'द हू' या बँडचा कार्यक्रम होता. बहुतेक तिकिटं बिनआसनी होती, हजारो लोक दुपारपासून दाराशी जमले होते आणि दारं मोजकीच उघडली गेली. आतून वाद्यांचा आवाज आला तेव्हा कार्यक्रम सुरू झाला असं समजून लोक दारांकडे रेटले गेले. ११ जण गेले. कार्यक्रम अजून सुरूही झाला नव्हता आणि स्टेज तर कुणाच्या नजरेसही पडलं नव्हतं. त्या शहरानं लगेच बिनआसनी तिकिटांवर बंदी घातली आणि ती पूर्णपणे उठायला २००४ साल उजाडलं. आम्हाला अशी बंदी नको आहे. दोष उभं राहण्यात नव्हता. पुढची जागा धावून मिळवायची होती, दारं कमी होती आणि बाहेरच्यांना आतलं काहीच कळत नव्हतं; या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते तिथे दिसलं. आपल्याकडच्या अनेक गेटवर यातल्या निदान दोन तरी रोज हजर असतात.

क्रम ठरवण्याच्या पद्धती जगात पुष्कळ आहेत, नव्यानं काही शोधायची गरज नाही. सरळ पद्धत म्हणजे जो आधी आला त्याला आधीचा क्रमांक. पण तिचा परिणाम म्हणजे रात्रभराची रांग: फुटपाथवर चादरी, शौचालय नाही, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी उन्हात उभं राहणं, आणि मग संध्याकाळी रेलिंगला टेकून भोवळ. पुढच्या पट्ट्यातून उचलून काढावे लागणारे बरेच जण हेच असतात. चाहते स्वतःच वहीत नावं लिहून हजेरी घेतात, हातावर पेननं आकडे टाकतात. घामानं आकडा पुसला जातो, दोन गट दोन वह्या घेऊन येतात आणि गेटवरचा सुरक्षारक्षक तिसरंच काही सांगतो. आयोजकानं 'आम्ही अशी यादी मानत नाही' असं म्हणून हात झटकले की भांडण ठरलेलंच. यादी मानायची नसेल तर स्वतःची व्यवस्था द्या.

आम्हाला सगळ्यांत पटलेली पद्धत रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या अमेरिकेतल्या कार्यक्रमांत वापरली गेली ती. उभ्याचं तिकीट असणाऱ्यांनी ठरलेल्या वेळेआधी यायचं आणि क्रमांक छापलेला मनगटाचा पट्टा घ्यायचा. वेळ संपली की सगळ्यांसमोर एक आकडा काढायचा. समजा १,५०० पट्टे वाटले आणि ६४० निघाला, तर रांग ६४० पासून १,५०० पर्यंत आणि मग १ पासून ६३९ पर्यंत लागते. पहाटे चारला आलेल्याला आणि दुपारी एकला आलेल्याला संधी सारखीच, म्हणून पहाटे चारला कुणी येतच नाही. एकत्र आलेले मित्र लागोपाठचे क्रमांक घेतात, ताटातूट होत नाही. आकडा निघाल्यावर ठरलेल्या वेळेला सगळे क्रमानं उभे राहतात आणि पन्नास-पन्नासच्या तुकड्यांनी आत जातात. यू-टू या बँडनं २००५ च्या दौऱ्यात वेगळी युक्ती केली होती: दारावर तिकीट स्कॅन होताना काही जणांची यंत्रानं आपोआप निवड व्हायची आणि त्यांना स्टेजच्या आतल्या वर्तुळात जाता यायचं. हाच बँड १५ डिसेंबर २०१९ ला डी. वाय. पाटीलवर वाजवून गेला आहे, तेव्हा हे सगळं आपल्यापासून फार दूरचं नाही. युरोपात बऱ्याच ठिकाणी पुढचा पिट वेगळ्या पैशानं विकतच नाहीत. उभ्याचं तिकीट असलेल्यांपैकी आधी येणाऱ्यांना रंगीत पट्टे देतात आणि पट्टे संपले की पिट बंद.

आपल्याकडे पुढचा पिट चढ्या दरानं विकण्याकडे कल आहे. धंदा आहे, विका. पण मग त्या पिटमधली संख्या जाहीर करा आणि ती पाळा. पाहुणे, प्रायोजक, मोफत पास, 'साहेबांची माणसं' हे सगळे त्याच संख्येत धरा. पिट फुटतो तो बहुतेक वेळा याच वशिल्यानं. तिकिटं १,२०० विकलेली असतात आणि आठ वाजता बाजूच्या दारातून गळ्यात कार्ड घातलेले आणखी तीनशे आत येतात, ज्यांची मोजदाद कुठल्याही स्कॅनरमध्ये नसते.

क्रमांकाच्या पट्ट्यांबाबत थोडं, कारण इथे बारीक चुका होतात. पट्टा कापडी किंवा टायवेकचा (न फाटणाऱ्या कागदासारख्या प्लास्टिकचा), एकदाच लागणारा आणि काढायला गेल्यास निकामी होणारा हवा. चिकटपट्टीचा कागद घामात टिकत नाही. तिकिटाचा क्यूआर कोड स्कॅन करूनच पट्टा बांधा, नाहीतर एकाच स्क्रीनशॉटवर तीन पट्टे जातात. पट्टे वाटण्याची जागा प्रवेशाच्या गेटपासून दूर ठेवा. आणि क्रमांकाची रांग एकाच गेटमधून आत घ्या. वेगवेगळ्या दोन गेटमधून एकाच वेळी सोडलं की सकाळपासूनच्या सगळ्या मेहनतीवर पाणी, कारण दुसरं गेट स्टेजला जवळ असलं तर ९०० क्रमांकाचा माणूस ५० क्रमांकाच्या आधी रेलिंगला पोचतो. हे गेटवरच्या शेवटच्या बाउन्सरलाही ठाऊक असायला हवं. त्याला आदल्या दिवशी तोंडी सांगून भागत नाही, हातात कागद द्या.

गेटचं गणित करू. उभ्याची तिकिटं २० हजार आणि झडती व स्कॅन मिळून माणशी दहा सेकंद धरले तर एका लेनमधून मिनिटाला ६, तासाला ३६० जण जातात. लोक सारखे येत नाहीत. नोकरी-धंदा करून येणारे शेवटच्या तासातच येतात. त्या तासात निम्मे, म्हणजे १० हजार आले तर किमान २८ लेन लागतील. त्यात ४ हजार बायका असतील तर त्यांच्यासाठी १२ लेन आणि पुरुषांसाठी १७. प्रत्यक्षात बायकांच्या झडतीला महिला कर्मचारी कमी मिळतात म्हणून सहा लेन लावल्या की ४ हजार जणींना पावणेदोन तासांहून जास्त लागतात. पुरुष आत पोचून आपल्या बहिणीची, बायकोची, मैत्रिणीची वाट बघत गेटच्या आतल्या तोंडाशीच थांबतात, आणि तो जथा मागून येणाऱ्या पुरुषांचीही वाट अडवतो. बाहेर मात्र वाटतं की गेट मुद्दाम बंद केलंय. उपाय सरळ आहे: महिला कर्मचारी तिकीटविक्रीच्या प्रमाणात आधीच ठरवा आणि गेटपासून वीस-तीस मीटर आत, वाटेच्या बाजूला 'इथे थांबा' अशी मोठी पाटी असलेली मोकळी जागा ठेवा.

हजारो फोन एकत्र आले की नेटवर्क बसतं. तिकीट त्याच क्षणी अ‍ॅपमधून उघडण्याची सक्ती असेल तर प्रत्येक लेनमागे दहा-दहा जण फोन हवेत धरून उभे राहतात. तिकीट आदल्या दिवशीच फोनमध्ये उतरवून ठेवता आलं पाहिजे आणि स्कॅनर ऑफलाइन चालला पाहिजे. काय न्यायचं नाही याची यादी गेटवर पहिल्यांदा वाचायला मिळू नये.

गेट ते रेलिंग हा टप्पा आपल्याकडे पूर्ण दुर्लक्षित आहे. गेट उघडलं की लोक पळतात. पळणारा एक जण केबलच्या झाकणाला अडखळला की मागचे चार जण त्याच्यावर. पळू नका असं ओरडून उपयोग नसतो. वाटेत दोन-तीन ठिकाणी दोऱ्या धरून कर्मचारी उभे करा, पहिली तुकडी दोरीमागे थांबवा, सगळे आले की कर्मचाऱ्यांच्या रांगेमागून चालत पुढे न्या. वाट नागमोडी ठेवली की धाव आपोआप मोडते. उतार आणि पायऱ्या गेटच्या तोंडाशी नकोतच. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात संगीत कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरचे आडोशासाठी एकाच दारातून आत रेटले गेले आणि दारातून आत लगेच उतरत्या पायऱ्या होत्या. चार जण गेले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले, तेव्हाही पाऊस आणि जिनाच होता. मुंबईला हे पुन्हा समजावून सांगावं लागू नये.

आता रेलिंग. स्टेजसमोर लावायचं बॅरिकेड आणि रस्त्यावर पोलीस लावतात ते लोखंडी बॅरिकेड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रस्त्यावरचं बॅरिकेड माणसानं हलवावं म्हणूनच हलकं केलेलं असतं. स्टेजसमोरच्या बॅरिकेडला बाजूनं त्रिकोणी आधार असतो आणि प्रेक्षकांच्या बाजूला जमिनीलगत एक रुंद पत्रा असतो. पहिल्या रांगेतले लोक त्या पत्र्यावर उभे राहतात आणि त्यांच्याच वजनानं ते जागेवर राहतं. जितकी दाटी, तितकं घट्ट. उंची साधारण छातीएवढी, वरची कड गोल आणि तुकडे एकमेकांत अडकलेले. आतल्या बाजूला कर्मचाऱ्याला उभं राहायला पायरी असते, तिच्यावरून तो वाकून घुसमटलेल्या माणसाला काखेत धरून उचलतो. स्टेज आणि बॅरिकेड यांच्यामध्ये किमान दीड मीटर मोकळी, सपाट वाट हवी. तिथे फोटोग्राफर, केबलची वेटोळी, आगीच्या यंत्रांचे डबे आणि ओळखीचे पाहुणे यांची गर्दी झाली की उचललेल्या माणसाला न्यायला जागा राहत नाही. रस्त्यावरची बॅरिकेड सुतळीनं बांधून पिट उभा करणं हे आम्ही गुन्ह्याच्या जवळचं मानतो. पहिल्या जोराच्या लाटेला ती आडवी होतात आणि त्यांचे पाय नडगीत घुसतात.

स्टेजपासून थोडं मागे दुसरं, अर्धगोल बॅरिकेड घालून पिट वेगळा केला की मागच्या हजारोंचा दाब पुढच्यांवर येत नाही. पण पिटला दोन्ही बाजूंनी बाहेर पडायला उघडी वाट नसेल तर तो पिंजराच. १,८०० माणसांचा पिट, दोन बाजूंना दोन-दोन मीटरची दारं. सपाट जमिनीवर मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं बाहेर पडतात हे ब्रिटनच्या त्याच स्टेडियम मार्गदर्शिकेचं प्रमाण धरलं तर पिट साडेपाच मिनिटांत रिकामा होतो. एका दाराशी कुणी व्हीआयपी सोफे मांडले की तेच अकरा मिनिटं.

पिटच्या दारावर आत किती आणि बाहेर किती, याची मोजणी हवी. आत जाणाऱ्याचं स्कॅन आणि बाहेर येणाऱ्याला तसंच सोडणं हा हिशेब नव्हे. बाहेर येणाऱ्याला परत जाता येईल असा पट्टा द्या, कारण जागा जाईल या भीतीनं लोक दुपारपासून पाणी पीत नाहीत. शौचालयाला जावं लागेल म्हणून पाणी नाही आणि पाणी नाही म्हणून चक्कर. २०२३ च्या नोव्हेंबरात रिओ दि जानेरोमध्ये भीषण उकाड्यात टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमात एका तरुण प्रेक्षकाचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर ब्राझील सरकारनं पाण्याच्या बाटल्या आत नेऊ देण्याचा आदेश काढला. आपल्याकडे बाटली गेटवर फेकायला लावतात आणि आत पाणी विकत. पुढच्या पट्ट्यात बॅरिकेडच्या आतून कर्मचाऱ्यांनी पेल्यातून पाणी फिरवलंच पाहिजे, फुकट, गेट उघडल्यापासून.

एकाच स्टेजवर दिवसभर पाच-सहा कलाकार असतील तर प्रश्न आणखी वाढतो. शेवटच्या मोठ्या नावासाठी आलेले दुपारीच रेलिंग धरतात आणि आठ तास हलत नाहीत. मधल्या कलाकारांचे चाहते मागून रेटत राहतात. डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात ३० जून २००० ला पर्ल जॅम या बँडच्या कार्यक्रमात नऊ जण गेले. त्यानंतर तिथे मुख्य स्टेजसमोरच्या पिटसाठी वेगळ्या रांगा आणि मर्यादित प्रवेश आला, आणि एक कार्यक्रम संपला की पिट रिकामा करून पुढच्यासाठी नव्यानं भरतात. आपल्याकडेही महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून दोन-दोन दिवसांचे मोठे महोत्सव होऊ लागले आहेत. तिथे ही पद्धत सहज बसेल. सुरुवातीला लोक कुरकुरतील, पण दुपारी तीनपासून अडकून पडावं लागत नाही हे कळलं की तेच तिची बाजू घेतील.

कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कुणाचा, हे नावानिशी ठरलेलं हवं. ह्यूस्टनमध्ये ५ नोव्हेंबर २०२१ च्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात दहा जण गेले. मोठी दुर्घटना झाल्याचं अधिकाऱ्यांनी जाहीर केल्यावरही गाणं सुमारे अर्धा तास चालूच होतं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावरून फक्त गर्दीकडे बघणारा एकेक माणूस बसवा. त्यानं काय बघायचं? धान्याच्या शेतावरून वारा जावा तशा गर्दीतून फिरणाऱ्या लाटा, एकदम पडलेला खड्डा, वर केलेले पण नाचत नसलेले हात, रेलिंगवरून बाहेर काढाव्या लागणाऱ्यांची वाढती संख्या. यातलं काही दिसलं की त्याचा एक शब्द मिक्सरवर पोचला पाहिजे, आवाज बंद, दिवे चालू. कलाकाराच्या करारातच हे लिहा, म्हणजे ऐनवेळी त्याच्या मॅनेजरची समजूत काढत बसावं लागणार नाही.

रात्री दहाची ध्वनिमर्यादाही यात येते. ध्वनिप्रदूषण नियमांमुळे बहुतेक ठिकाणी दहाला आवाज बंद करावा लागतो, म्हणून मुख्य कलाकार साडेसात-आठला सुरू करतो. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, लांबला की गेट तीनऐवजी पाचला उघडतं, पण शेवटची वेळ तीच राहते. मग पाच तासांची गर्दी तीन तासांत आत घ्यायची वेळ येते आणि झडती घाईत उरकली जाते. गेट उशिरा उघडणार असेल तर ते रांगेला तासभर आधी, लाउडस्पीकरवरून मराठी, हिंदी आणि इंग्रजीत सांगा. आणि गेट बंद असताना साउंडचेक करायचा असेल तर तो साउंडचेक आहे, एवढंही सांगा. सिनसिनाटीत एवढ्याची उणीव होती.

तिकीट कंपन्यांना एक विनंती वेगळी. उभ्याच्या तिकिटावर चार गोष्टी छापा: या कुंपणात एकूण किती तिकिटं विकली जाणार, स्टेजपासून अंतर किती, प्रवेशाचा क्रम कसा ठरणार, आणि बाहेर जाऊन परत येता येईल का. 'शेवटची काही तिकिटं शिल्लक' असं सांगून वरच्या दराच्या पिटकडे ढकलण्याआधी लक्षात घ्या की खोटी घाई दाखवणं केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध आहे. काळ्या बाजाराचं काय करायचं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं; आमचं म्हणणं इतकंच की क्रमांकाचा पट्टा तिकिटाशी जोडलेला असेल तर एक तिकीट तिघांना विकणाऱ्याचा खेळ गेटच्या बऱ्याच आधी उघडा पडतो, आणि फसवलेला माणूस गेटवर गोंधळ घालत नाही.

पोलिसांना आणि महापालिकांना: परवान्याच्या अर्जासोबत आगीचा दाखला, वाहनतळाचा आराखडा आपण मागता. त्यातच प्रत्येक कुंपणाचं निव्वळ क्षेत्रफळ, त्याची कमाल संख्या, दारांची रुंदी, स्त्री-पुरुष झडतीच्या लेन, स्टेजसमोरच्या बॅरिकेडचा प्रकार आणि प्रवेशाचा क्रम ठरवण्याची पद्धत मागा. गर्दीच्या कार्यक्रमांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१४ मध्ये मार्गदर्शिका काढली आहे, आधार तयार आहे. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण गेले, तेव्हा मोफत प्रवेश कुणाला, पास कुठे, गेट कोणतं, याचाच घोळ होता. म्हणून एक अट घाला: प्रवेशाबाबतची कोणतीही सूचना आयोजकानं पोलिसांना आधी कळवल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकायची नाही आणि विक्रीनंतर प्रवेशाचा क्रम बदलायचा नाही.

ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत आपला हंगाम असतो आणि त्याची तिकिटं पावसाळ्यातच विकायला लागतात. येत्या हंगामातल्या एका तरी मोठ्या कार्यक्रमात क्रमांकाचे पट्टे आणि सोडत ही पद्धत करून बघा. रांगेची आखणी, पट्ट्यांचं वाटप, कर्मचाऱ्यांना समजावणं या कामाला आम्ही विनामूल्य येऊ. आराखडा विक्रीच्या किमान तीन आठवडे आधी आमच्या हाती आला, तर कुंपणांची मापं आणि लेनचा हिशेब तपासून देऊ.

आपले,
उभ्याची तिकिटं घेणारे आणि गेटवर, बॅरिकेडवर काम करणारे काही जण